पाण्याचा वाटा माणसाला

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला बोलायला बोलावले आणि विषय तुम्हीच ठरवा म्हणून सांगितले. मी काही पदवीधर वक्ता नाही. दहावीनंतर सूतगिरणीत लागलो. गेली तीस-बत्तीस वर्षे रिंगफ्रेम खात्यात पाळीने काम करतो आहे. वाचन जे झाले ते रात्रपाळी सुटल्यावर वाचनालयात बसून आणि चळवळीच्या शिबिरांत. त्यामुळे बोलण्यात काही इकडेतिकडे झाले तर सांभाळून घ्या.

आज मी पाण्यावर बोलणार आहे. कुणी म्हणेल, विहाराचा वर्धापनदिन आणि पाणी यांचा काय संबंध? तर आपल्या वस्तीतली निम्म्याहून जास्त घरे खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत, माण, खटाव या भागांतून पोटासाठी इथे आलेली आहेत. गावाला पाणी असते तर आपले बापजादे गाव सोडून आलेच नसते. आता त्याच गावांत कालव्याचे पाणी पोचू लागले आहे. अशा वेळी त्या पाण्यात आपला वाटा किती, हा प्रश्न आपण विचारायचा नाही तर कुणी विचारायचा? माझे आजचे सगळे म्हणणे एका ओळीचे आहे. पाण्याचा वाटा जमीन बघून देऊ नये, माणूस बघून द्यावा. ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही, त्याचाही त्यात हक्क असावा.

पहिल्यांदा तथागतांपासून सुरुवात करतो. परमपूज्य बोधिसत्त्व बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण काय दिले आहे, ते आठवा. म्हातारा, आजारी माणूस आणि प्रेत पाहिले म्हणून राजपुत्र घर सोडून गेला, ही पारंपरिक कथा बाबासाहेबांच्या बुद्धीला पटली नाही. त्यांनी सांगितले ते रोहिणी नदीचे भांडण. शाक्य आणि कोलीय यांच्या हद्दीवरून रोहिणी वाहत होती. दोघांची शेती तिच्यावर. आधी पाणी कुणी घ्यायचे आणि किती घ्यायचे यावरून दर हंगामात तंटा. सिद्धार्थ अठ्ठावीस वर्षांचे असताना दोन्हीकडच्या गड्यांची मारामारी झाली, माणसे जखमी झाली, आणि शाक्यांच्या सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थांनी विरोध केला. ते म्हणाले, दोष कुणाचा याची आधी चौकशी करा. आपले दोन, त्यांचे दोन माणूस निवडा, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि त्या पाचांनी तंटा मिटवावा. बहुमताने ही सूचना फेटाळली आणि सिद्धार्थांना परिव्रज्या घ्यावी लागली. म्हणजे बघा, पाण्याच्या वाटपाचा प्रश्न आपल्या धम्माच्या मुळाशी आहे. तो विहारात बोलायचा नाही असे कसे म्हणता येईल?

आता बाबासाहेबांच्या बालपणाकडे येऊ. ते सातारला शिकत होते. साल १९०१. वडील सुभेदार रामजी हे खटाव तालुक्यातल्या गोरेगावला रोखपाल होते. कशाच्या कामावर? दुष्काळात माणसे मरत होती म्हणून सरकारने तलाव खोदायचे काम काढले होते, त्या कामावर. सुट्टीत भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि भाचे वडिलांकडे निघाले. मसूर स्टेशनवर उतरले. जात कळल्यावर कुणी गाडीवान बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल करून पोरांनीच गाडी हाकली. सोबत जेवण भरपूर होते, पण प्यायला पाणी कुणी दिले नाही, आणि पाण्याशिवाय घास गिळणार कसा? नाक्यावर रात्र काढली ती उपाशी. दुष्काळात लोकांना पाणी मिळावे म्हणून बाप तलावाच्या कामाचा पगार वाटतो आणि त्याच तालुक्याच्या वाटेवर त्याची लेकरे पाण्यावाचून उपाशी झोपतात. अन्न जवळ असूनही पाणी नसेल तर माणूस उपाशी राहतो, हे त्या पोराला तेव्हाच कळले.

पुढे २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. आपण दरवर्षी तो दिवस साजरा करतो. पण त्यानंतर बाबासाहेब पिण्याच्या पाण्यापाशी थांबले नाहीत, हे आपण विसरतो. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. पाटबंधारे आणि वीज त्यांच्याकडे होती. दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्या हाताखाली पुढे सरकली. नदीचे सबंध खोरे धरून पूर, सिंचन आणि वीज यांचा एकत्र विचार करायचा, हे धोरण त्यांनी आखले. पिण्याच्या पाण्याने माणूस जगतो, पण शेतीच्या आणि कामाच्या पाण्याने तो आपल्या पायावर उभा राहतो. चवदार तळ्याचा लढा पहिल्या पाण्यासाठी झाला. दुसऱ्या पाण्याचा लढा अजून चालू आहे, आणि तो आपल्याच जिल्ह्यांत चालू आहे.

आपल्या मुलखाची रचना बघा. कृष्णामाई महाबळेश्वरला उगम पावते. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथून पूर्वेला आले की माण, खटाव, आटपाडी, जत. तिथे पाचशेच्या आसपास, तोही बेभरवशाचा. महात्मा फुल्यांचे मूळ गाव कटगुण हे याच खटाव तालुक्यातले. १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये त्यांनी जागोजागी बंधारे आणि तलाव बांधून पाणी जमिनीत मुरवायला सांगितले. सरकारी फौजेतली आणि पोलिसातली माणसे या कामाला लावावीत, असेही सुचवले. तात्यासाहेबांचे हे म्हणणे ऐकले असते तर १९७२ चा दुष्काळ इतका जड गेला नसता. त्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिलो, आपल्या आया-आज्यांनी भाजली आणि खाल्ली. आपल्या चुलीत जगाचा बाजार शिरला तो काही आजकालचा नाही.

एक अभिमानाची गोष्टही सांगतो. काम मागेल त्याला काम, ही रोजगार हमी आज जगभर अभ्यासली जाते. तिची सुरुवात आपल्या सांगली जिल्ह्यातली. वि. स. पागे साहेबांच्या पुढाकाराने १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोग झाला. दुष्काळात ती राज्यभर पसरली, १९७७ साली कायदा झाला, आणि २००५ साली देशपातळीवर कायदा झाला. पण हमीच्या कामावरच्या माणसांनी पुढे जो प्रश्न विचारला, तो मला जास्त मोलाचा वाटतो. तो असा : आम्ही जन्मभर खडी फोडायची, पण दुष्काळ हटवायचे काम कधी काढणार?

हा प्रश्न विचारणारी माणसे कोण होती? १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यांतले कितीतरी सातारा-सांगलीचे. संप लांबला आणि माणसे गावी परतली. माझे वडील त्यांतलेच. मुंबईत लूम चालवणारा माणूस खानापूर तालुक्यात हमीच्या कामावर खडी फोडायला बसला. मी तेव्हा शाळकरी पोर, दुपारची भाकरी घेऊन जायचो. खडीच्या ढिगाजवळ बसून ही मंडळी युनियनची भाषा बोलायची. मालक कोण, नफा कुणाचा, कच्चा माल कुठून येतो. हीच भाषा त्यांनी नदीला लावली. यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. डॉ. भारत पाटणकर, श्रमिक मुक्ती दलाचे कार्यकर्ते, स्वातंत्र्यसैनिक इंदुताई पाटणकर, अमेरिकेत जन्मून इथल्याच झालेल्या डॉ. गेल ऑम्व्हेट, ही माणसे तिच्यात होती. गेलताईंनी फुले-आंबेडकरांवर आणि बौद्ध धम्मावर ग्रंथ लिहिले हे आपल्याला माहीत आहे. २५ ऑगस्ट २०२१ ला कासेगावात त्यांचे निधन झाले.

नदी होती येरळा. तिच्या पात्रातली वाळू ठेकेदार ट्रक भरभरून नेत होते. वाळू म्हणजे नदीची टाकी असते. पावसाचे पाणी वाळूत साठते, सावकाश झिरपते, काठच्या विहिरींना मिळते. वाळू गेली की विहिरीचा तळ दिसायला लागतो. लिलावाचे पैसे सरकारला, नफा ठेकेदाराला, आणि कोरडी विहीर गावाला. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी वाळूचा उपसा अडवला. ते म्हणाले, नदीला झेपेल तेवढी थोडी वाळू आम्हीच विकू आणि त्या पैशातून आमच्या नदीवर आमचे धरण बांधू. आपल्या बाजूच्या अभियंत्यांची मदत घेतली, श्रमदान केले आणि ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात लोकांनी धरण उभे केले. नाव ठेवले बळीराजा स्मृती धरण.

त्या धरणाच्या भिंतीपेक्षा त्याचे नियम मला मोठे वाटतात. पहिला नियम, पाणी घराघराला सारखे. ज्याला दहा एकर त्याला जादा नाही, आणि ज्याला काहीच जमीन नाही त्यालाही वाटा. दुसरा नियम, या पाण्यावर ऊस लावायचा नाही. याच्या आधी पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत सुरू केली होती. तिथेही माणशी अर्ध्या एकराचे पाणी, भूमिहीनाला वाटा, उसाला बंदी, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही, असे नियम होते. म्हणजे दोन ठिकाणी साध्या माणसांनी हे करून दाखवले आहे. हे स्वप्नरंजन नव्हे.

आता तुम्ही विचाराल, जमीनच नाही त्याने पाणी घेऊन काय करायचे? डोक्यावर ओतून घ्यायचे? हा प्रश्न मला प्रत्येक गावात विचारतात. उत्तर ऐका. समजा, एका शेतकऱ्याला पाच एकर रान आहे, पण त्याच्या वाट्याचे पाणी दोनच एकराला पुरते. तीन एकर कोरडे राहिले. तुमच्याकडे रान नाही, पण पाण्याचा वाटा आहे. तो तुमच्याकडे येईल. त्याचे रान, तुमचे पाणी आणि मेहनत, पीक निम्मे-निम्मे. काल जो तुम्हाला रोजंदारीवर बोलावत होता, तो आज वाटेकरी म्हणून बोलावील. शिवाय परसातला भाजीपाला, शेळ्या-म्हशींचा चारा, बायांच्या गटाने गायरानावर केलेली फळझाडे, याला पाणी लागतेच की. पाण्याचा हक्क हातात असला की भूमिहीन माणूस व्यवहारात बरोबरीने बसतो.

ऊस का नको, तेही सांगतो. उसाबद्दल माझा राग नाही, त्याच्यावर हजारो घरे चालतात. पण राज्याच्या पिकाखालच्या जमिनीत ऊस चार-पाच टक्क्यांच्या आसपास आणि सिंचनाच्या पाण्यातला निम्म्याहून जास्त हिस्सा त्याचा. म्हणजे एका ताटात सगळी भाजी आणि बाकीच्यांना कोरडी भाकरी. शाळू, बाजरी, मटकी, हुलगा, शेंगा यांना थोडे पाणी पुरते, माणसाला धान्य मिळते, जनावराला कडबा मिळतो, आणि खुरपणी-काढणीला बायांना गावातच काम मिळते.

बळीराजा धरण दोन गावांचे होते. पुढे हाच विचार तालुक्यांवर गेला. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, १९७६ साली अंतिम निवाडा दिला. महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी पाणी आले आणि ३१ मे २००० नंतर निवाड्याचा फेरविचार होऊ शकेल असे ठरले. तोवर धरणे झाली नाहीत तर पाणी हातचे जाणार, अशी धास्ती होती. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, सांगोल्याचे गणपतराव देशमुख आणि भारत पाटणकर यांनी १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा भरवल्या. सातारा, सांगली, सोलापूरच्या तेरा दुष्काळी तालुक्यांची माणसे त्यात आली. नागनाथअण्णा स्वतः प्रतिसरकारच्या लढ्यातले आणि वाळव्याच्या साखर कारखान्याचे संस्थापक. काठावरचा, ऊसवाला माणूस पठारावरच्या लोकांच्या पाण्यासाठी रस्त्यावर उतरला, हे लक्षात ठेवा. लोक दरवर्षी जमले, मोर्चे निघाले, ठिय्ये झाले. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजना या रेट्यामुळे पुढे सरकल्या. कराडजवळ टेंभूला उचललेले कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने चढत खानापूर, आटपाडी, सांगोल्यापर्यंत पोचले. पाणी उचलायला लागणाऱ्या विजेच्या बिलातला ८१ टक्के भार सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्याने उचलायचा, हा निर्णयसुद्धा आंदोलनाने मिळवला. आटपाडी तालुक्यात बंद नळातून समन्यायी वाटपाचा आराखडाही चळवळीने मंजूर करून घेतला.

इथपर्यंत आनंद आहे. आता दुखण्याची जागा दाखवतो. पाणी वाटणाऱ्या संस्थांचा कायदा राज्याने २००५ साली केला. त्या कायद्याप्रमाणे पाणी वापर संस्थेचा सभासद कोण? लाभक्षेत्रात ज्याच्या ताब्यात जमीन आहे तो. ज्याच्याकडे जमीन नाही, तो त्या संस्थेच्या सभेला दाराबाहेर. नाव पाण्याचे आणि हिशेब जमिनीचा. परिषदांना जाताना ट्रकमध्ये आपली माणसे होती, ठिय्यात आपल्या बाया दिवसदिवस उन्हात बसल्या. पाणी आले तेव्हा मात्र वाटप यादीत त्यांची नावे नाहीत. यात कुणी एक माणूस दुष्ट आहे असे मी म्हणत नाही. कायद्याची चौकटच तशी आहे, आणि चौकट बदलायला लढावे लागते.

दुसरे दुखणे याहून नाजूक. आपल्यातल्या काही घरांना वतनाची जमीन आहे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने गेली आणि पैसे भरून जमिनी नवीन शर्तीने परत मिळाल्या. बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध जन्मभर झगडा केला, तो गुलामी संपवण्यासाठी. जमीन गमावण्यासाठी नव्हे. कालव्याची रेघ नकाशावर दिसली की गावात दलाल फिरायला लागतात. माझ्या ओळखीच्या एका घराला असेच झाले. म्हाताऱ्याला सांगितले, तुमचा माळ आहे, दगड-धोंडे आहेत, कुसळ उगवत नाही, एवढे पैसे घ्या आणि मोकळे व्हा. म्हाताऱ्याचा अंगठा घेतला. दोन वर्षांत शेजारून पाट गेला आणि त्या माळावर आज ऊस उभा आहे. म्हाताऱ्याची सून त्याच रानात भांगलायला जाते. या जमिनी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत, हे त्या घराला कुणी सांगितलेच नव्हते.

आता तुम्हाला जरा गावाबाहेर नेतो. हा प्रश्न फक्त आपल्या दोन जिल्ह्यांचा असता तर आपण एकटे पडलो असतो. पण तसे नाही. जानेवारी २००४ मध्ये मुंबईत जागतिक सामाजिक मंच भरला होता. मी चार दिवस रजा टाकून गेलो. जगभरची माणसे आली होती. दलित संघटनांचीही मोठी संख्या होती. भाषा समजत नव्हती, पण एखादी बाई हाताने घागर दाखवायची आणि मग सगळे समजायचे.

दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया नावाचा देश आहे. तिथल्या कोचाबांबा शहराचा पाणीपुरवठा सरकारने १९९९ साली एका परदेशी भागीदारीच्या कंपनीला देऊन टाकला. दर एकदम वाढले. लोकांनी वर्गणी काढून खोदलेल्या विहिरींवरसुद्धा कंपनीचा हक्क येणार अशी पाळी आली. शहर रस्त्यावर उतरले आणि एप्रिल २००० मध्ये कंत्राट रद्द झाले. या लढ्याच्या पुढाऱ्यांत ऑस्कर ऑलिव्हेरा हा होता. कोण होता तो? चपला-बुटांच्या कारखान्यातला कामगार, कामगार संघटनेचा पुढारी. माझ्यासारखा यंत्रावर उभा राहणारा माणूस. पण यातला धडा पुढेच आहे. कंपनी गेली, पाणी परत लोकांच्या संस्थेकडे आले, तरी त्या शहराच्या दक्षिणेकडच्या गरीब वस्त्यांत नळ पोचायला वर्षानुवर्षे लागली. पाणी आपल्या हातात आले म्हणजे ते गरिबाच्या हातात आले, असे होत नाही. वाटपासाठी वेगळा लढा करावा लागतो. टेंभूच्या बाबतीत मी जे म्हणतो आहे, तेच हे.

कापसाचे बघा. माझ्या खात्यात रोज कापसाचे सूत निघते. १९९५ साली जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. व्यापार खुला झाला की सगळ्यांचे भले होईल असे सांगितले गेले. २००३ साली कानकुनच्या बैठकीत आफ्रिकेतल्या बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड या चार गरीब देशांनी तक्रार मांडली. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना अनुदान देते, त्यामुळे जगात भाव पडतो आणि आमचा शेतकरी मरतो. भाव पडला की विदर्भातला शेतकरी बुडतो आणि भाव चढला की गिरणी पाळ्या कमी करते आणि आम्ही घरी बसतो. दोन्हीकडून मरण कष्टकऱ्याचे. म्हणून जगातल्या छोट्या शेतकऱ्यांनी आणि शेतमजुरांनी १९९३ साली 'व्हिया कंपेसिना' ही संघटना बांधली आणि १९९६ साली रोमच्या अन्न परिषदेत एक मागणी मांडली. आपण काय पिकवायचे, काय खायचे, कशाला पाणी द्यायचे, हे ठरवायचा हक्क पिकवणाऱ्या आणि खाणाऱ्या लोकांचा असावा. येरळाकाठच्या लोकांनी उसाला बंदी घातली तेव्हा त्यांनी हेच ठरवले होते, आणि रोमच्याही आधी ठरवले होते.

निसर्गाचाही हिशेब आता चुकता करावा लागतो आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून लातूरला पिण्याचे पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. आणि तीनच वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांपर्यंत गेली, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे गेली. त्याच साली उन्हाळ्यात माण आणि आटपाडीला जनावरे छावणीत होती. एकाच वर्षात, एकाच नदीच्या खोऱ्यात, हे दोन्ही. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर. पूर आला की आधी कुणाच्या घरात पाणी शिरते? नदीकाठच्या सखल वस्तीत. दुष्काळ पडला की आधी कुणाचा हंडा रिकामा होतो? गावाच्या टोकाच्या वस्तीत. पाऊस जात बघत नाही, पण घर कुठे बांधायला जागा मिळाली, ती जात बघूनच मिळाली होती.

बायांबद्दल एक शब्द बोलतो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सांगली जिल्ह्यात परित्यक्ता भगिनींनी चळवळ केली. नवऱ्याने टाकलेल्या बाईचे नाव कुठल्या रेशनकार्डावर? सासरचे काढून टाकतात, माहेरचे घालत नाहीत. त्यांनी स्वतंत्र रेशनकार्ड, घराला जागा आणि जमिनीचा तुकडा मागितला. पाण्याचा वाटा घराला द्यायचा म्हटले तर एकट्या बाईचे घर हेही घर धरले पाहिजे. यादी करताना कुटुंबप्रमुख म्हणून पुरुषाचेच नाव लिहायची आपली सवय सोडली पाहिजे.

आता नुसते बोलून उपयोग नाही. विहारातून काय करता येईल, ते सांगतो.

एक. ज्यांची गावाकडे वतनाची किंवा दुसरी जमीन आहे, त्यांनी सातबारा काढून बघावा. कुणाचे नाव लागले आहे, शर्त काय आहे, बोजा आहे का. समितीतल्या शिकलेल्या मुलांनी रविवारी इथे बसून वडीलधाऱ्यांना ते वाचून दाखवावे. समजून घेतल्याशिवाय आणि चार माणसांना विचारल्याशिवाय कुणीही अंगठा द्यायचा नाही.

दोन. आपापल्या गावाच्या ग्रामसभेला एकट्याने न जाता घोळक्याने जायचे आणि लेखी ठराव मांडायचा : गावाला येणाऱ्या पाण्यात भूमिहीन कुटुंबांना आणि एकट्या स्त्रियांना वाटा असावा. ठराव नामंजूर झाला तरी इतिवृत्तात त्याची नोंद घ्यायला लावायची.

तीन. गायरानाचा प्रश्न पाण्याला जोडायचा. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारो माणसे तुरुंगात गेली. ज्या गायरानावर आपली माणसे वर्षानुवर्षे कसताहेत, तिथवर पाण्याचा नळ मागायचा.

चार. पाणी परिषदेला, पाणी चळवळीच्या मोर्चाला जायचे. तिथे मराठा, धनगर, माळी, रामोशी सगळे असतात. काही जण कुरकुरतात, त्यांच्या मोर्चात आपण कशाला? मी सांगतो, बसायचे ते पुढे बसायचे आणि भूमिहीनांच्या वाट्याचा ठराव आपणच वाचायचा. छोट्या शेतकऱ्याचे आणि आपले हित इथे जुळते, कारण जमिनीप्रमाणे पाणी वाटले तर दोन एकरवालाही मागेच राहतो.

पाच. नदी-ओढ्यातली वाळू चोरून उपसताना दिसली तर तक्रार करायची. आपल्यातली काही पोरे त्या ट्रकवर हमालीला जातात, हे मला माहीत आहे. पोट कुणाला सुटले आहे? पण एका रात्रीची मजुरी मिळते आणि गावाची विहीर जाते. त्या पोरांना दुसरे काम मिळवून द्यायची जबाबदारीही आपण घेतली पाहिजे, नुसते बोल लावून भागणार नाही.

मंडळी, सिद्धार्थांनी सांगितलेली पाच माणसे शाक्यांनी नेमली नाहीत. आपल्या गावांत ती नेमायची वेळ अजून गेलेली नाही. काठावरचे दोन, माळावरचे दोन, आणि त्यांनी मिळून निवडलेला पाचवा. तो पाचवा भूमिहीन असावा, आणि शक्यतो बाई असावी, एवढीच माझी भर. येत्या २० मार्चला महाडला जे जाणार नाहीत, त्यांनी त्या दिवशी आपल्या मूळ गावी जावे आणि पाण्याच्या वाट्यावर बैठक घ्यावी. माझ्या गावची बैठक मी ठरवली आहे. दुपारची पाळी बदलून घेतली आहे. ज्यांना बघायला यायचे आहे त्यांनी जरूर यावे, भाकरीची सोय घरी आहे.



भवतु सब्ब मंगलं. जय भीम!